यशोदेच्या मनगटावर

मी जुना नाही, मित्रांनो. माझं सगळं आयुष्य एका दुपारीत आटोपलं. मी एक पारदर्शक पट्टा आहे. पोटात छोटा फुगा असलेला. मनगटाच्या धमनीतून नळी घालून हृदयाची तपासणी झाली, की त्या छिद्रावर मला बांधतात आणि सिरिंजने हवा भरतात. रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं, एवढंच माझं काम.

मला बांधलं ते यशोदेच्या उजव्या मनगटावर. तळेऱ्याजवळच्या गावातली काजूची बाग सांभाळणारी बाई. कित्येक महिने तिच्या छातीत कळ येत होती. डॉक्टर तिच्या नवऱ्याला, सत्यवानला, म्हणाले, "मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. पण दुखणं खोटं नाही, औषधं चालू ठेवायची." सत्यवानने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

अनुजा सिस्टरने बजावलं, "हात सरळ ठेवा. त्यावर भार नको. मी हळूहळू हवा काढीन." तिची पाठ वळली आणि सत्यवान खाटेशी आला.

"काळीज धड आसा तर हात धरून कित्याक बसलंस? बागेत काजूचे बोंडू सडतत, ते कोण पुंजावतलो?"

"सिस्टर उठा नको म्हणाली."

"नाटकां पुरे झाली. चल, एसटी चुकतली."

आणि त्याने तिला ओढलं. त्याच हाताला धरून. माझा फुगा छिद्रावरून सरकला आणि गरम रक्त माझ्याखालून उसळलं. मी तिथेच होतो, पण माझा काही उपयोग नव्हता. यशोदा ओरडली नाही. तिला ओरडायची सवय नसावी.

अनुजा धावत आली. तिने बोटांनी धमनी दाबून धरली, डॉक्टरांना बोलावलं, मला पुन्हा नीट बसवलं. मनगटापासून वरपर्यंत हात टरारून सुजला होता.

सत्यवान बघत उभा होता. म्हणाला, "लुगडां भिजला. आता एसटीत कशी बसतली?"

"आज त्या कुठेही बसणार नाहीत," अनुजा म्हणाली. "इथेच राहतील."

"रव तर मगे," तो बायकोला म्हणाला, आणि पिशवी उचलून निघून गेला. पिशवीत तिची कोरडी साडीही होती.

संध्याकाळपर्यंत अनुजा थोडी थोडी हवा काढत राहिली, दर वेळी बोटांचा रंग बघत राहिली. रक्त थांबलं. हात काळानिळा पडला होता. मला सोडून तिथे छोटी पट्टी लावताना ती म्हणाली, "घरी काही दिवस या हाताने घागर उचलायची नाही, कपडे पिळायचे नाहीत. रक्त आलं तर दाबून धरा आणि लगेच इकडे या."

"ह्यां माका नको सांगा, सिस्टर," यशोदा म्हणाली. "माज्या घोवाक सांगा."

अनुजाने तिच्या नवऱ्याला शोधत दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

मित्रांनो, मी आता कचऱ्याच्या लाल पिशवीत आहे. एकदा वापरलेला पट्टा दुसऱ्याला बांधत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या घरी कुणी असा हात घेऊन आलं, तर तिची घागर तुम्ही उचला. आणि दुखतंय म्हणाली, तर तिचं ऐका.

पिशवीचं तोंड बांधण्याआधी यशोदेचा फोन वाजला. सत्यवानचा आवाज मलाही ऐकू आला.

"सकाळच्या गाडयेन ये. म्हस कोणाक हात लावूक दिणा नाय. दूद तुकाच काढूचा लागतला."

यशोदेने सुजलेल्या हाताकडे पाहिलं.

"येतंय," ती म्हणाली.