पसंत पडलेली दुनळी

लिफ्टच्या इन्स्पेक्टरला एक जुनी बंदूक विकत घ्यायची होती, आणि गेलं वर्षभर तो ती विकत घेत नव्हता.

दोन्ही गोष्टी खऱ्या. परवाना खिशात होता, पैसे बँकेत होते, आणि घरी भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलेलं लोखंडी कपाट रिकामं पडून होतं. शनिवारी तो नेमबाजीच्या मैदानावर जायचा. तिथे मशीन मातीची तबकडी हवेत भिरकावते आणि खाली पडायच्या आत ती फोडायची असते. क्लबची बंदूक घेऊन तो बऱ्यापैकी फोडायचा. "आता स्वतःची घ्या," असं तिथल्या प्रशिक्षकाने त्याला सांगितलं. "पहिलीच आहे, जुनी चालेल. पण तपासून घ्या हं." हे शेवटचं वाक्य त्याने इन्स्पेक्टरला सांगायला नको होतं.

तपासणं हा तर याचा धंदाच. उभी हयात त्याने लोकांच्या इमारतींतल्या लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दरवाजे तपासले होते. लिफ्टमध्ये माणसं भेटतात पुष्कळ, पण तिथे कुणी बोलत नाही. सगळे दरवाज्याकडे तोंड करून उभे राहतात आणि आपापला मजला आला की सुटका झाल्यासारखे निघून जातात. घरी आई होती तोवर चाललं. ती गेल्यावर घरात बोलायला उरला तो फक्त फ्रिज, आणि तोही मधूनमधून घुर्र करायचा तेवढंच. लांबच्या गावी बहीण होती. ती रोज सकाळी मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवायची, आणि हा रोज त्याला अंगठा दाखवायचा.

मग बंदुका बघणं सुरू झालं. जाहिरात दिसली की हा रविवारी त्या घरी हजर. दातांचा डॉक्टर, निवृत्त बँडवाला, बेकरीवाला, अशी एकेक घरं झाली. बंदूक बघायला आलेल्या माणसाला घरात घ्यावंच लागतं, बसवावं लागतं, चहा विचारावा लागतो. हा निवांत दोन-दोन तास तपासायचा. तोवर डॉक्टरच्या आईचे गुडघे ऐकून व्हायचे, बँडवाल्याच्या सुनेचं माहेर कळायचं, बेकरीवाल्याची नात याच्या मांडीवर चढून बसायची. शेवटी एखादा दोष सापडायचाच. नळीला पोचा, बिजागरी ढिली, लाकडाला चीर. "बघतो, कळवतो," म्हणून हा उठायचा. कळवायचा अर्थातच नाही. खोटं कशाला बोला, बंदुकीत दोष सापडला नसता तर त्या बिचाऱ्याचे वांधेच झाले असते. बंदूक एकदा घेतली की रविवारी जायचं कुठे?

पण खरेदीच्या परवानगीची मुदत त्या आठवड्यात संपत होती. ती टळली की पुन्हा कचेरीच्या पायऱ्या, पुन्हा पोलीस चौकशी. क्लबनेही बजावलं होतं की यापुढे भाड्याची बंदूक मिळणार नाही. आणि शिल्लक जाहिरात एकच होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एका बाईंची.

बाईंचं घर वरच्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शिरताना याने सवयीने छताकडे बघितलं आणि नाक मुरडलं. दार उघडायला वेळ लागला, कारण बाई डाव्या हाताने कडी काढत होत्या. उजवा खांदा ऑपरेशननंतर जेमतेम हलत होता.

"तुम्हीच ना लिफ्टचे इन्स्पेक्टर?" बाई म्हणाल्या. "या. म्हटलं, आमचा नंबर लागतोय की नाही."

या बोलण्याचा अर्थ त्याला लागला नाही. खोली लहान आणि लख्ख होती. दोन खुर्च्या होत्या. एकीची गादी बसून बसून खोल गेलेली, दुसरी कोरी करकरीत. त्याला कोरी मिळाली.

बाईंनी कपाटातून दुनळी बंदूक काढली, मधोमध मोडून उघडी केली आणि तशीच उघडी त्याच्या हातात दिली. "हं, पहिलं काय?"

"पहिलं म्हणजे रिकामी आहे का." त्याने दोन्ही नळ्यांत बघितलं, बोट घालून चाचपलं. "रिकामी आहे."

"मी उघडून दिली तरी बघितलंत. शाबास. नाहीतर लोक माझ्या तोंडाकडे बघतात आणि विश्वास ठेवतात."

मग इन्स्पेक्टर रंगात आला. नळ्या सुट्या करून त्याने खिडकीकडे धरल्या आणि आतून डोळा लावला. आत उजेडाच्या गोल कड्या एकामागे एक सरळ गेलेल्या, कुठे वाकडेपणा नाही, गंजाचा ठिपका नाही. नळ्या बोटावर लटकवून त्याने पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली. सांधा सुटलेला असेल तर आवाज बद्द येतो. इथे पितळी भांड्यासारखा ठणठणीत आला आणि बराच वेळ खोलीत राहिला. नळ्या पुन्हा बसवून, नळीखालचा लाकडी तुकडा न लावताच बंदूक मिटून त्याने बिजागरी हलवून बघितली. ढिम्म. सरावाची खोटी काडतुसं घालून दोन्ही चाप ओढले, सेफ्टी पुढे-मागे केली. पकडीपाशी, जिथे लाकूड हटकून चिरतं, तिथे भिंग लावलं. बंदुकीवरचा नंबर बाईंच्या परवान्याशी ताडला. याच्या कपाळावर घाम आला. दोषच नव्हता.

बाई खोल गादीच्या खुर्चीत बसून मजा बघत होत्या. चहा त्यांनी आधीच करून ठेवला होता. "क्लबात तुम्हाला काय म्हणतात, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"मला? काय?"

"नवरदेव. येतो, बसतो, खालून-वरून न्याहाळतो, चहा पितो, कळवतो म्हणतो, आणि मुलगी नापसंत. डॉक्टरने बेकरीवाल्याला सांगितलं, बेकरीवाल्याने बँडवाल्याला. सगळ्यांना तुम्ही पाठ आहात."

इन्स्पेक्टरचे कान तापले. ज्याला आजवर कुणी मुलगी दाखवली नव्हती, त्याला नाव मिळालं ते हे! इतक्या घरी आपण हसून निरोप घेतला आणि आपली पाठ वळल्यावर ती माणसं हसत होती, या विचाराने त्याला पळून जावंसं वाटलं. बंदूक टेबलावर उघडी ठेवून तो उभा राहिला.

"बसा हो. चहा कोण पिणार?" बाई जराशा ओरडल्याच. चाळीस पोरांच्या बसवर चालवलेला आवाज होता तो. इन्स्पेक्टर खाली बसला. "आता खांद्याला लावून बघा. तिकडे, त्या कोपऱ्याकडे. त्या भिंतीपलीकडे कुणी राहत नाही. रिकामी असली तरी तोंड माणसाकडे नाही."

त्याने पुन्हा नळ्या तपासल्या, बंदूक मिटली, खांद्याला लावली, आणि त्याचाच अंगठा त्याच्या नाकावर आपटला.

"आखूड आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या मापाने दस्ता कापून घेतला होता मी. घ्या, मिळाला तुम्हाला दोष. आणि खरा आहे, कुणी नावं ठेवणार नाही. चहा प्या आणि जा सुखाने."

इन्स्पेक्टरने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. वर्षभर तो दोष शोधून काढत होता, आणि आज कुणीतरी तो ताटात वाढून दिल्यावर त्याला रडू यायला लागलं. "मावशी, मी लबाड नाही हो," तो म्हणाला. "मला घ्यायचीच असते. पण घेतली की संपलं. मग मला कोण घरात घेणार? रविवारी मी कुठे जाऊ?"

 बाईंनी लुळा हात मांडीवर नीट ठेवला. "मलाही ती विकायची नव्हती," त्या म्हणाल्या. "खांदा गेला, मैदान सुटलं. आधी येत होते सगळे भेटायला. मग फोन. मग तेही नाही. कानावर आलं की एक माणूस जुन्या बंदुका बघत हिंडतो आणि दोन दोन तास बसतो. म्हणून दिली जाहिरात. किती रविवार चहाचं आधण ठेवून बसले. सगळ्या मेल्यांकडे जाऊन आलात, माझ्याकडेच नाही."

 लिफ्टमध्ये असतं तसं दोघेही दाराकडे बघत गप्प बसले. मग इन्स्पेक्टरला सुचलं, आणि तो मोठ्या हुशारीने म्हणाला, "मग नकाच विकू. दस्ता आखूड आहे, मी नको म्हणतो. म्हणजे तुमची जाहिरातही राहील आणि माझं हिंडणंही राहील."

"आणि पुढच्या रविवारी तुम्ही याल?"

"येईन की."

"डॉक्टरकडे दुसऱ्यांदा गेलात?"

"नाही."

"बेकरीवाल्याकडे? ती नात तुमच्या मांडीवर बसली होती म्हणे."

इन्स्पेक्टरने मान खाली घातली. नाही म्हणून आलेल्या घरात पुन्हा कुठल्या तोंडाने जायचं? एकाही घराची पायरी तो दुसऱ्यांदा चढला नव्हता. इतकी दारं उघडली होती, आणि प्रत्येक दार त्याने स्वतःच्या हाताने, अगदी नम्रपणे, कायमचं लावून घेतलं होतं. हे त्याला वर्षभरात दिसलं नव्हतं, आणि त्याचा तर धंदा दोष शोधायचा.

"नको म्हणालात तर परत येणार नाही तुम्ही," बाई म्हणाल्या. "घेतलीत तर हजार गोष्टी विचारायला लागतील. दस्त्याला मागून रबराची गादी लावायची, ती कुठली, किती जाडीची. तेल कुठे द्यायचं आणि कुठे अजिबात नाही. ही जरा उजवीकडे मारते, ते तर मी सांगितलेलंच नाही."

"उजवीकडे मारते?"

"नाही मारत. पण विचारलंत ना?"

इन्स्पेक्टरला हसू आलं, आणि त्याने बंदूक घेतली. परवाने एकमेकांना दाखवून झाले, नोंदणीच्या कचेरीसाठी सह्या झाल्या. मग बाईंनी त्याला ती उतरवायला लावली. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, खालचा लाकडी तुकडा वेगळा. प्रत्येकाला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून सगळं साध्या पेटीत. वर 'बंदूक' अशी ओरडून सांगणारी कसलीही खूण नाही. लुळा हात सावरत त्या खाली गाडीपर्यंत आल्या. पेटी डिकीत, तिला कुलूप, वर घोंगडी. बाईंकडे उरलेली काडतुसं वेगळ्या डब्यात, तोही कुलूपबंद, पुढे.

"सरळ घरी," बाई म्हणाल्या. "वाटेत चहा नाही, सिगारेट नाही, ओळखीचं कुणी भेटलं तरी नाही. गाडी सोडून क्षणभरही हलायचं नाही. आधी कपाटात, मग चपला काढा. आणि पोचलात की फोन करा."

शेवटचं वाक्य त्यांनी बाकीच्या सूचनांसारखंच, दटावून म्हटलं. इन्स्पेक्टर मात्र किल्ली फिरवायची विसरला. आई गेल्यापासून तो कुठूनही निघून कुठेही पोचत होता आणि कुणाला त्याचा पत्ता नसायचा. त्याने नुसती मान हलवली.

बघून आल्यावर तो नेहमी रस्त्यातल्या हॉटेलात रेंगाळायचा, घर लांबवायचा. आज ते हॉटेल आलं आणि गेलं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा हा उगाच ताठ बसला. मागे डिकीत काहीतरी मोलाचं होतं आणि एका खोलीत कुणीतरी घड्याळाकडे बघत होतं, अशी गाडी त्याने याआधी कधी चालवली नव्हती. घरी आल्यावर पेटी सरळ कपाटाशी नेली, तुकडे पुसून आत लावले, कुलूप घातलं. काडतुसांचा डबा दुसऱ्या कपाटात, त्यालाही कुलूप. मग चपला काढल्या. मग फोन.

पहिली घंटी पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"पोचलो," तो म्हणाला.

"कपाटात ठेवलीत?"

"ठेवली."

"कुलूप लागलं का नीट? ओढून बघितलंत?"

त्याने दोनदा ओढून बघितलं होतं. ज्याचा जन्म ब्रेक आणि कड्या तपासण्यात गेला, तो ते विसरणं शक्यच नव्हतं.

"थांबा हं, बघून येतो," इन्स्पेक्टर म्हणाला. फोन टेबलावर उताणा ठेवून तो आतल्या खोलीत गेला आणि कपाटापुढे उगाच उभा राहिला, पलीकडे कुणीतरी त्याच्यासाठी थांबलेलं असताना.