ताईला रवाना झालेलं पत्र

सपनाने कॉम्प्युटरचं झाकण बसवलं, चार स्क्रू पिळले आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या शिवदास अढांगळेंना सांगितलं, "काका, मशीन आता मस्त चालेल. पण जुनी हार्डडिस्क गेली ती गेली. आतलं काही वाचवता आलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. बॅकअप घेतला होता ना कधी?"

बॅकअप होता, पण चौदा वर्षांपूर्वीचा. शिवदास अंधेरीच्या कोर्टात चौतीस वर्षं टायपिस्ट होते. आधी मराठी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने शिकवलं म्हणून दोन हजार बाराच्या मार्च महिन्यात त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं एका डिस्कवर उतरवलं होतं आणि वर मार्करने 'सर्व कागद' असं लिहून ठेवलं होतं. पुन्हा तो उद्योग त्यांनी कधी केला नाही. मधल्या काळातले फोटो, सोसायटीची पत्रं, नातीच्या शाळेतली भाषणं, सगळं गेलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण त्यांचा जीव अडकला होता तो एकाच कागदात.

त्यांची नात तेजल बारावी झाली होती आणि तिला फार्मसीला जायचं होतं. त्यासाठी जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं, आणि त्या प्रमाणपत्रासाठी घराण्यातला एकोणीसशे पन्नासच्या आधीचा पुरावा. तेजलचे वडील, म्हणजे शिवदासांचा मुलगा प्रबुद्ध, साधं बी.कॉम. करून नोकरीला लागलेले. त्यांना असलं काही लागलंच नव्हतं. घरात पुरावा एकच होता, शिवदासांचे वडील रतन तुकाराम यांच्या शाळेचा उतारा, सिन्नरकडच्या गावातल्या शाळेचा. बिल्डिंग पाडून नवी बांधताना तीन वर्षं भाड्याच्या घरात काढली, त्या हलवाहलवीत तो कागद कुठे गेला कळलं नाही. शाळेत फोन केला तर नवे मुख्याध्यापक म्हणाले, "जुनी रजिस्टरं पोत्यांत भरून ठेवलीत. रजिस्टरचा नंबर आणि अनुक्रमांक सांगा, म्हणजे शोधून देतो. नुसत्या नावावर नाही जमणार."

तो नंबर उताऱ्यावरच होता, आणि उतारा स्कॅन करून ठेवल्याचं शिवदासांना पक्कं आठवत होतं.

"नव्या मशीनला सीडी लावायची सोयच नसते," सपना म्हणाली. तिने खणातून एक चपटा ड्राइव्ह काढून दिला. "हा बाहेरून जोडायचा. उद्या परत आणून द्या. आणि काका, कॉपी झालं म्हणून लगेच खूश होऊ नका. जुन्या डिस्कवर फाइलींची नावं दिसतात, पण उघडायला गेलं की वाट लागते. एकेक उघडून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शिवदासांनी डिस्क लावली. तेजल शेजारी स्टूलवर बसली. ड्राइव्ह घरघरला, थोडा वेळ सुरळीत चालला आणि एकसष्ट टक्क्यांवर अडकला.

"आबा, काढा आणि पुसून लावा."

शिवदासांनी डिस्क काढली, चष्मा पुसायच्या फडक्याने मधून कडेकडे हळूहळू पुसली आणि परत लावली. या खेपेला ती अडखळत का होईना, शेवटपर्यंत गेली. पहिल्यांदा त्यांनी उतारा उघडला. पिवळट कागद, निळी शाई, रजिस्टर क्रमांक, अनुक्रमांक, 'रतन तुकाराम', दाखल एकोणीसशे एकोणचाळीस, आणि शाळा सोडल्याच्या कारणापुढे एकच शब्द: 'गैरहजर'. तेजलने तो शब्द दोनदा वाचला.

"गैरहजर म्हणजे शाळा सोडूनच दिली?"

"गुरं राखायला लावलं होतं त्यांना. नाव काढायला कोण जाणार? शाळेनेच काढून टाकलं."

मुख्याध्यापकांना लगेच फोन झाला. त्यांनी दोन्ही नंबर लिहून घेतले आणि चार दिवस मागितले. तेजल खुशीत क्लासला निघून गेली. सपनाने सांगितलं होतं तसं शिवदास बाकीच्या फाइली एकेक करून उघडायला लागले.

चित्रं उघडत होती. टाइप केलेले कागद मात्र उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे, कंस, टिंबं, मध्येच एखादा आकडा. शिवदासांना कारण ठाऊक होतं. तेव्हाचा मराठी फॉन्ट या मशीनमध्ये नव्हता. पण त्या फॉन्टची बटणं टाइपरायटरसारखीच होती, आणि टाइपरायटर त्यांच्या बोटांत मुरलेला होता. समोर दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरावर बोट ठेवलं की त्या जागी कुठलं मराठी अक्षर असायचं ते बोटच सांगे. असं करत त्यांनी सोसायटीचा एक अर्ज वाचून काढला आणि त्यांना गंमत वाटली.

मग एक फोल्डर आलं, त्याचं नाव 'ताई'. आत तीन फाइली होत्या. ताई एक, ताई दोन, आणि ताई तीन रवाना.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण रत्नप्रभा, मुलुंडला राहणारी. आई, सुंदराबाई, शेवटची दोन वर्षं तिच्याकडेच होती आणि तिथेच गेली. त्यानंतर बहीणभावांचं बोलणं तुटलं. शिवदास लोकांना नेहमी सांगत, "मी तिला इतकं समजुतीचं पत्र लिहिलं. तिने दोन ओळींचं उत्तर धाडलं नाही." चौदा वर्षं हे सांगून झालं होतं. ऐकणारे मान हलवत. तेजलने तर या आत्याआजीला कळत्या वयात पाहिलंही नव्हतं.

त्यांनी पहिली फाइल उघडली आणि बोटं ठेवून वाचायला लागले.

'ताई, तू मंगळवारी सकाळीच फोन केला होतास. मी साहेबांकडे रजा मागायला गेलोच नाही. मला वाटलं, आईला असं आधीही दोनदा झालं होतं आणि ती उठून बसली होती. गुरुवारी आलो तोवर तिचं बोलणं बंद झालं होतं. तू मला काही बोलली नाहीस, त्याचंच मला जास्त लागलं. तू तिचं सगळं केलंस. मी काही केलं नाही.'

शिवदासांचे डोळे भरून आले. हेच ते पत्र. आपण सांगत होतो ते खोटं नव्हतं. त्यांनी पाणी पिऊन घेतलं. मग दुसरी फाइल उघडली. ते अर्धंच पान होतं, शोकसभेला कोण कोण आलं होतं याबद्दल. मंगळवारचा त्यात उल्लेख नव्हता.

तिसरी फाइल उघडायला त्यांना थोडा वेळ लागला. 'रवाना' हा शब्द त्यांचाच होता. कोर्टात जो कागद खरोखर बाहेर गेला त्याच्यापुढे तो लिहायचा, बाकीचे मसुदे. ती सवय त्यांनी घरीही पाळली होती.

'तू मला वेळेवर कळवलं नाहीस. आईची शेवटची भेट तुला एकटीला हवी होती, ती तू घेतलीस. चारचौघांत मला मान खाली घालायला लावलीस. यापुढे आपला संबंध संपला असे समजावे. माझ्या घरी येण्याची तसदी घेऊ नये.'

खाली तारीख होती, पहिल्या पत्रानंतर नऊ दिवसांची.

मधल्या नऊ दिवसांत काय झालं होतं ते त्यांना हळूहळू आठवलं. शोकसभेत चुलत्यांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "शिवदास, तू होतास कुठे?" उत्तर हवं म्हणून त्यांनी मंगळवारचा फोन पुसून टाकला होता, आधी कागदावरून, मग डोक्यातून.

बायको, सुलक्षणा, बाहेर येऊन मेथी निवडत बसली होती. शिवदास तिच्यासमोर जाऊन बसले.

"ताईला मी काय लिहिलं होतं, तुला आठवतं?"

तिने वर पाहिलं. "आज कुठून निघालं हे?"

"डिस्कवर आहे."

"आठवतं तर. वाचून दाखवलं होतंत मला. मी म्हटलं, आजचा दिवस राहू द्या, उद्या टाका. तुम्ही पाकीट चिकटवून निघालात."

"मग इतकी वर्षं मी लोकांना भलतंच सांगत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते," सुलक्षणा म्हणाली. "तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. मग मीही सोडून दिलं. माझंच चुकलं ते."

शिवदास मेथीच्या काड्या बाजूला करत बसले. त्या तिला नको तिथे पडत होत्या, पण तिने टोकलं नाही.

संध्याकाळी ड्राइव्ह परत करायला ते दुकानात गेले. सपनाने जुना फॉन्ट शोधून त्यांच्या पेन ड्राइव्हवर टाकून दिला. तिथेच त्यांनी पहिल्या पत्राची प्रिंट काढून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

रविवारी सकाळी ते बसने मुलुंडला गेले. फोन केला नाही. फोनवर ताई नको म्हणाली असती तर पुढे काही करता आलं नसतं. दार रत्नप्रभानेच उघडलं. बहात्तर वर्षांची, केस पूर्ण पांढरे, हातात काठी. तिने त्यांना ओळखायला वेळ लावला नाही.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. सगळे ठीक आहेत."

"मग?"

"आत येऊ का?"

ती बाजूला झाली. घरात ती एकटीच होती. मुलगा-सून कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. शिवदास खुर्चीच्या कडेवर बसले. काय बोलायचं ते बसमध्ये जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी खिशातून कागद काढला.

"हे तुला लिहिलं होतं. तेव्हाच. पाठवलं नाही."

रत्नप्रभाने चष्मा लावला. उभ्याउभ्याच पहिल्या दोन ओळी वाचल्या, मग कागद मिटला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"हे नको मला."

"ताई, पूर्ण वाच तरी."

"तू पाठवलंस ते मी वाचलं. एकदाच वाचलं, पण आहे पाठ. हे तू स्वतःजवळ ठेवलंस ना? मग ते तुझं. तुझं मन चांगलं होतं हे तुला कळलं, बरं झालं. मला त्याचं काय?"

ती शांतपणे बोलत होती. शिवदासांनी कागद परत खिशात घातला. चौकशीच्या कागदांत साक्षीदाराचं बोलणं त्यांनी हजारो वेळा टाइप केलं होतं. आता स्वतः बोलायची पाळी होती.

"तू मंगळवारी फोन केला होतास," ते म्हणाले. "मी गुरुवारी आलो."

रत्नप्रभा खाली बसली. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मंगळवारी सकाळी साडेदहाला," ती म्हणाली. "तुझ्या ऑफिसातल्या कोणीतरी उचलला, मग तुला बोलावलं. तू म्हणालास, बघतो."

"हो."

"आणि मला लिहिलंस, कळवलं नाही."

"हो. खोटं लिहिलं. सगळ्यांना तेच सांगत आलो."

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग रत्नप्रभा म्हणाली, "बुधवारी ती चांगली होती रे. मऊ भात खाल्ला. मला म्हणाली, शिवा आला की त्याला सांग, पोरीला शिकव. तेजल तेव्हा किती, तीन-चार वर्षांची असेल. मी म्हटलं, तूच सांग, उद्या येईलच तो. गुरुवारी तिला सांगता आलं नाही. आणि मग तुझं पत्र आलं. तुझ्या घरी यायचं नाही, तर निरोप कसा देऊ?"

शिवदासांनी तोंडावरून हात फिरवला. डोळे पुसले तरी ते पुन्हा ओले होत होते. रत्नप्रभाने त्यांना रडू दिलं. ती उठली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "कुठल्या कॉलेजात आहे पोरगी?"

शिवदासांनी फार्मसीचं सांगितलं, उताऱ्याचं, पोत्यांतल्या रजिस्टरांचं. ऐकता ऐकता रत्नप्रभाचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

"तो उतारा मीच आणला होता. तुझ्या ऑफिसने मागितला होता आणि तुला रजा नव्हती. दोन दिवस शाळेच्या ओट्यावर बसले होते. गुरुजी म्हणायचे, बाई, तुमच्या मुलांना याचा उपयोग नाही, त्यांना त्यांच्या बापाकडचं लागेल. मी म्हटलं, भावाला लागतंय."

शिवदासांच्या हे ध्यानात नव्हतं. पुढे ऑफिसातलं ते प्रकरण थंडावलं आणि कागद तसाच राहिला एवढंच त्यांना आठवत होतं. कोणी आणला, हे त्यांनी आठवायचा प्रयत्नच कधी केला नव्हता.

तिने चहा केला. तो पिऊन ते निघाले. दारात रत्नप्रभा म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. चौदा वर्षं आहेत ती."

"नको म्हणू."

"पोरीला पाठव एकदा. आईचा निरोप मी तिलाच देईन. तुला दिला तर तू काय सांगशील, भरवसा नाही."

हे बोलताना ती हसली की नाही, शिवदासांना नीट कळलं नाही.

मुख्याध्यापकांचा फोन चार दिवसांऐवजी नवव्या दिवशी आला. रजिस्टर सापडलं होतं; वाळवीने कडा खाल्ल्या होत्या पण नोंद शाबूत होती. प्रबुद्ध एक दिवसाची रजा टाकून गावी जाऊन नवा उतारा घेऊन आला आणि तेजलचा अर्ज दाखल झाला.

त्याच्या आधीच एका शनिवारी तेजल एकटी मुलुंडला जाऊन आली होती. चार तास तिकडे होती. परत आली ती डब्यात तिळाची चटणी घेऊन, आणि आजोबांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत. आत्याआजीने तिला सगळंच सांगितलं असणार. तिने काय सांगितलं ते शिवदासांनी विचारलं नाही, आणि तेजलनेही आपणहून विषय काढला नाही.

दोन दिवसांनी मात्र ती त्यांच्या शेजारी स्टूलवर येऊन बसली. "आबा, त्या दिवशी तुम्ही ऑफिसातून का नाही निघालात?"

शिवदासांनी कॉम्प्युटर बंद केला. खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तो मंगळवार पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.