कुलपात काहीच नसतं

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. मला कडी नाही, किल्ली नाही. करंगळीएवढं माझं अंग आणि जागा संगणकाच्या पाठीमागे. हिशेबाच्या विकतच्या प्रोग्रामबरोबर मी २००२ साली उल्हासनगर कॅम्प चारमधल्या बटणांच्या कारखान्यात आलो.

मला लावल्याशिवाय तो प्रोग्राम उघडतच नसे. मी हरवलो तर नवा विकत घ्यावा लागला असता. म्हणून सेठ तिथले हिशेबनीस बुद्धभूषण यांना रोज बजावत, "बाबूजी, पूरा हिसाब इसी में है. संभाल के!" बुद्धभूषण संध्याकाळी मला काढून रुमालात बांधत आणि डब्याच्या पिशवीतून बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी नेत. खरं सांगतो, त्या मानामुळे मी फुगून गेलो होतो.

प्रत्येक नोंदीखाली शेरा लिहायचा आणि तो 'बीइंग' या इंग्रजी शब्दाने सुरू करायचा, ही हिशेबनिसांची रीत. बुद्धभूषण पुढे इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहीत. 'बीइंग पेढे, माया बारावी पास.' 'बीइंग रिक्षा, आज जिना चढवेना.' सेठ हसत, "हिसाब लिखते हो या चिट्ठी?"

एके दिवशी ते आलेच नाहीत. छातीत कळ येऊन घरीच वारले. त्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी माया बसू लागली. दुपारी काम उरकलं की ती जुने शेरे उघडून वाचायची. वडिलांच्या हातचं तेवढंच मागे राहिलं होतं.

२००८ मध्ये प्रोग्रामवाल्यांनी पुन्हा पैसे मागितले तेव्हा सेठ वैतागले. मायाचा भाऊ सम्यक संगणक शिकलेला. त्याने नव्या संगणकावर सर्वांना खुला असलेला, फुकटचा प्रोग्राम बसवून दिला. त्याला कुलूपच नव्हतं.

"ताई, सगळी शिल्लक आणली. एका पैशाचा फरक नाय," तो म्हणाला.

जुना संगणक त्याच दुपारी भंगारात गेला. मायाने फक्त मला मागून घेतलं. सगळा हिशेब माझ्यात असतो, हे तिने बाबांकडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी तिने मला सम्यकच्या संगणकाला लावलं.

"बाबांचं लिहिलेलं दाखव ना."

 सम्यक म्हणाला, "ताई, ह्यात काहीच नसतं गं. हे नुसतं लॉक आहे. लिहिलेलं त्या जुन्या मशीनमध्ये होतं, मी नुसते शिल्लकीचे आकडे आणले. तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ह्यातच आहे."

दोघं तसेच रिक्षाने भंगारवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "डिस्क तो तोड़ दी, भाई."

माया तिथेच फूटपाथवर बसून रडली. तिच्या मुठीत मी होतो. माझी मलाच लाज वाटली. सहा वर्षं मी रिकामाच मिरवलो होतो.

सोमवारी तिने नव्या प्रोग्रामात पहिला शेरा लिहिला, 'बीइंग रिक्षा, भंगारवाल्याकडे. बाबा सापडले नाहीत.' सेठनी तो वाचला. या वेळी ते हसले नाहीत.

आता मी बाबांच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, जुनं बदला, खुशाल बदला. खुलं असेल तर चांगलंच. पण टाकण्याआधी आत कुणी काय लिहून ठेवलंय, ते एकदा वाचा. मायाने मला फार जपलं हो. जपायचं ते माझ्यात नव्हतं.