नॉमिनीच्या जागी

"इतकी वर्षं उभी असलेली गाडी आहे मावशी, एवढे कसे देऊ?" मोटरसायकलभोवती आणखी एक चक्कर मारत बेकरीवाला म्हणाला.

"उभी आहे, पडलेली नाही," आई म्हणाल्या. "आणि दर रविवारी पुसलेली आहे. तुझ्या दुकानातलं काचेचं कपाट तरी एवढं चकचकीत आहे का?"

बेकरीवाला ओशाळून हसला. सिस्टर दारात उभी राहून ऐकत होती. दवाखान्यात, गल्लीत, दुकानात सगळीकडे तिला सिस्टरच म्हणत. लहान मुलांच्या वॉर्डात उमेदीची वर्षं गेली आणि खरं नाव पगाराच्या स्लिपपुरतं उरलं. आई म्हणजे तिच्या सासूबाई. मोटरसायकल ज्याची होती तो एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा. साध्या तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता गेला. तेव्हापासून घरात या दोघीच.

बेकरीवाल्यानं बरोबर मेकॅनिक आणला होता. त्यानं प्लग साफ केला, थोडं पेट्रोल ओतलं आणि किक मारली. गाडी दोनदा खोकली, मग एकदम सुरू झाली.

आवाज भिंतींवर आपटून घरात शिरला. दोघी जागच्या जागी थिजल्या. रोज संध्याकाळी या आवाजावर एकीनं चहाचं आधण ठेवलं होतं आणि दुसरीनं आरशासमोर केस सारखे केले होते.

"आई, राहू दे गाडी," सिस्टर पुढे येऊन हळूच म्हणाली. "मी पुढच्या वर्षी जाते."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालीस."

खोटं नव्हतं ते. परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळानं सिस्टरला केव्हाच पसंत केलं होतं. भाषेची परीक्षाही ती रात्रपाळ्या करून पास झाली होती. अडत होतं ते पैशाशी. तिकडे उतरल्यावर पहिले काही महिने भागेल एवढी रक्कम खात्यात दाखवावी लागत होती. सिस्टरनं साठवलेल्या पैशांचे तीन वाटे केले होते. एक तिकडच्या सुरुवातीचा, एक इथल्या घरखर्चाचा आणि एक आईंच्या दुखण्याखुपण्याचा. पहिला वाटा काही केल्या भरत नव्हता आणि तिसऱ्याला हात लावायला ती तयार नव्हती. आईंचा गुडघा दुखला की तिसरा वाटा वाढायचा आणि जाणं पुढे ढकललं जायचं.

"हे बघ," आई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझा गुडघा काही मरेपर्यंत बरा होत नाही. त्याची वाट बघत बसलीस तर तूही म्हातारी होशील. माझ्या नावावर तुझं थांबणं मांडू नकोस. तेवढं मला पेलायचं नाही."

"तुम्ही एकट्या कशा राहाल?"

"राहीन की. शेजारीण आहे, फोन आहे. आणि तुझी ती पैशाची मशीन शिकलेच आहे ना मी?"

शिकल्या होत्या खऱ्या, पण कसं ते सिस्टरलाच ठाऊक. पहिल्या दिवशी मशीननं कार्ड बाहेर टाकलं तेव्हा त्या "आता काय चुकलं हिचं?" म्हणून मशीनवरच डाफरल्या होत्या. पिन म्हणून मुलाची जन्मतारीख टाकायला निघाल्या. घरच्यांची जन्मतारीख चोर आधी ओळखतो, असं सिस्टरनं सांगितल्यावर त्यांनी बोट मागे घेतलं. "मग ज्याचा कुणाशीच संबंध नाही असा आकडा सांग बाई," म्हणाल्या, "माझ्याकडे तसला एकही नाही."

गाडी विकली गेली. बेकरीवाल्यानं घासाघीस सोडून आईंनी सांगितले तेवढे दिले. वर ब्रेडची पिशवीही देऊ लागला. "पैसे दिलेस, आता पाव नको," आई म्हणाल्या, "फक्त पावसात उघड्यावर उभी करू नकोस."

दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत गेल्या. गाडीचे पैसे भरायचे होते, घरखर्चाच्या खात्यावर आईंचं नाव चढवायचं होतं आणि सिस्टर परदेशी गेल्यावर तिचं खातं कसं चालेल ते ठरवायचं होतं. खिडकीवरची बाई बोलायला मऊ होती. ती संगणकावर वाचत गेली आणि सिस्टर मान डोलावत गेली.

"तुमच्या खात्याला नॉमिनी म्हणून पतीचं नाव आहे. तेच ठेवायचं ना?"

सिस्टरची मान थांबली. इतक्या वर्षांत या एका जागी तो अजून जिवंत होता आणि तिला माहीतच नव्हतं.

"ते नाहीत आता," ती म्हणाली.

"सॉरी हं. मग दुसरं नाव द्यायला लागेल."

"यांचं घ्या. माझ्या सासूबाई."

"थांबा," आई खिडकीकडे सरकल्या. "ती जागा मोकळी सोडली तर?"

"कशाला आजी?"

"अहो, वय आहे हिचं. उद्या तिकडे कुणी चांगला भेटला, हिनं पुन्हा घर मांडलं, तर मधे माझं नाव कशाला?"

"आई! लोक ऐकतायत."

"ऐकू देत. इथे सगळे पैशाचंच बोलतात. मी जरा पुढचं बोलतेय." मग खिडकीवरच्या बाईला त्यांनी विचारलं, "नंतर बदलता येतं का हो?"

"येतं ना. कधीही."

"तेव्हा माझी सही लागेल?"

"नाही. फक्त यांची."

"म्हणजे हिला मला विचारावं लागणार नाही."

"नाही."

"मग लिहा माझं," आई म्हणाल्या.

वॉर्डात कितीही रडारड असली तरी सिस्टरचे डोळे कधी भरत नसत. आता ती खाली मान घालून पिशवीत उगाच काहीतरी शोधत राहिली.

घरखर्चाच्या खात्यासाठी आईंची सही लागत होती. सहीच्या नमुन्याच्या कार्डावर आखलेली चौकट त्यांच्यापुढे आली. त्यांनी चष्मा पुसला, पेन घट्ट धरलं. वरच्या पंख्यानं कार्ड सरकायला लागलं तेव्हा सिस्टरनं पुढे होऊन त्याच्या कडेवर हात ठेवला. सलाइन लावताना लहान मुलाचा हात ती जसा धरते, तसा. दाबून नाही, नुसता हलू नये इतकाच. आईंनी एकेक अक्षर सावकाश काढलं.

सही झाली तरी सिस्टरनं हात उचलला नाही. आईंनीही पेन खाली ठेवलं नाही. मागे रांगेतला माणूस खाकरला, तेव्हा खिडकीवरच्या बाईनं त्याला बोटानंच थांबायची खूण केली.