पिवळ्या गाइडातला कुत्रा

लाम्ब्रोसचं पुस्तक नगरपालिकेचा शिपाई घरी देऊन गेला, तेव्हाच मला कळलं की आजची दुपार वाया गेली. मुखपृष्ठावर फुटकी होडी, होडीखाली ठळक अक्षरांत लाम्ब्रोसचं नाव आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून, मूळ कवीचं. सोबत नगराध्यक्षांची चिठ्ठी होती: शनिवारी संध्याकाळी प्रकाशन, ग्लिकेरियाबाईंनी दोन शब्द बोलावेत. दोन शब्द माझ्याकडे तयारच होते, पण ते सभेत बोलण्यासारखे नव्हते.

'प्राचीन महाकाव्याचा आजच्या माणसासाठी नवा अनुवाद' असं वर छापलं होतं. या आजच्या माणसाला काय झालंय कोण जाणे, त्याला सगळं चावून भरवावं लागतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी याच महाकाव्यावरचं नाटक आलं होतं, त्यात देवी मोटारसायकलवरून उतरली आणि राजा दोन तास मोबाइलवर रडत होता. गेल्या वर्षी वाचनालयात कादंबरी आली, सगळी कथा डुकरांच्या तोंडून. मी लेओनिदियोच्या शाळेत पस्तीस वर्षं हे काव्य मूळ प्राचीन ग्रीकमधून शिकवलं, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्यावर डुकरांचं मनोगत वाचायची पाळी आली.

लाम्ब्रोस हा खारिलाओसचा पुतण्या. बाराव्या वर्षी अथेन्सला गेला, तिथल्या वर्तमानपत्रांत लिहू लागला आणि दर उन्हाळ्यात गळ्यात रुमाल गुंडाळून गावाला दर्शन देऊ लागला. प्रस्तावनेत त्याने लिहिलं होतं की या अनुवादासाठी तो सात वर्षं एका बेटावर दगडी घरात राहिला, वीजसुद्धा नव्हती. खरं असावं. पुस्तकात उजेड कुठे पडलेला दिसत नव्हता.

मी थेट कुत्र्याचं पान काढलं. कुठलाही अनुवाद मी तिथेच जोखते. वीस वर्षांनी राजा भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. घरचं कोणी ओळखत नाही. ओळखतो तो दारात मरायला टेकलेला म्हातारा कुत्रा. राजाला त्याच्याजवळ जाता येत नाही, गेला तर वेष उघडा पडेल. तो तोंड फिरवतो आणि कोणाला दिसणार नाही असे डोळे पुसतो. मग कुत्रा मरतो.

लाम्ब्रोसच्या राजाने डोळे पुसलेच नव्हते. मधल्या दोन ओळी गायब. आणि त्याआधी हे वाक्य: 'अंगात त्राण नाही, शेपटीला मात्र अजून आठवण आहे.'

हे वाक्य मूळ काव्यात नाही. ते माझं आहे.

सांगायला लाज वाटते म्हणून चव्वेचाळीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. खारिलाओस तेव्हा गावात खाजगी क्लास चालवायचा. त्याला मुलांसाठी गाइड हवं होतं: डावीकडे मूळ ओळ, उजवीकडे आजच्या भाषेतला अर्थ, घोकायला सोपा. मी ते लिहून दिलं, माझं नाव कुठे येणार नाही या अटीवर. वर्गात मी गाइडांवर आग ओकायचे आणि घरी बसून गाइड लिहायचे. पिवळ्या कव्हराचं ते गाइड घराघरांत गेलं. कुत्र्याच्या जागी पान उलटताना दोन ओळी माझ्या नजरेतून सुटल्या, त्या तशाच छापल्या गेल्या.

चूक मला वार्षिक परीक्षेत कळली. अकरा पेपरांत राजाचे डोळे कोरडे होते. अकराही पेपर मी लाल केले. पुढे दर वर्षी हाच उतारा मी परीक्षेत घालायचे. ज्याच्या पेपरात डोळ्यांतलं पाणी नाही, तो गाइडवाला. गावाला वाटायचं, बाईंना तिसरा डोळा आहे.

आता लाम्ब्रोसला भर सभेत चोर म्हणायचं, तर माल कोणाचा हेही सांगावं लागणार होतं. चाळीस वर्षांचा दरारा एका वाक्यात जाणार. न सांगावं, तर अथेन्सच्या वर्तमानपत्रातल्या परीक्षणात 'शेपटीची आठवण' या एका ओळीवर कौतुकाचे पूल बांधले होते ते त्याच्या नावावर राहणार. खरं सांगते, ते परीक्षण वाचून मला आधी गुदगुल्या झाल्या आणि मग अंगाचा तिळपापड झाला.

शुक्रवारी सकाळी सारांदोस नेहमीसारखा मासळीची गाडी घेऊन आला आणि भोंग्यावरून गल्ली दणाणून सोडली.

"बाई, गाव्रोस घ्या. आत्ता होडीतून उतरलेत."

"काल उतरलेत. डोळे बघ त्यांचे."

"तुमच्यासमोर मेलेला मासासुद्धा खोटं बोलू शकत नाही." त्याने मूठभर जास्तीचे घातले, दारापुढच्या ओट्यावर बसून साफ करायला घेतले. एकोणसाठ वर्षांचा झाला तरी माझ्यासमोर पाय पसरून बसत नाही. "उद्या येताय ना? आपल्या कुत्र्याचं त्या लाम्ब्रोसने काय केलंय ते बघू."

"तुला अजून कुत्रा आठवतो?"

"विसरून कसं चालेल? त्याच्यापायी तर हातात जाळं आलं. तुम्ही नापास केलंत, बाप म्हणाला, बस झाली शाळा, आणि दुसऱ्या दिवशी होडीवर चढवलं."

"घोकंपट्टी केली होतीस, मेल्या."

"केली होती की. अजून पाठ आहे." तो हसला. मीही हसले. मला ते तेव्हा खरंच विनोदी वाटलं.

शनिवारी सांस्कृतिक भवन भरलं होतं. एरवी पुस्तकाकडे ढुंकून न बघणारी माणसं गावच्या वांग्यांच्या मुरांब्याच्या बशा बघून आली होती. औषधवाला, दोन्ही न्हावी, माझ्या वर्गातले सगळे जुने दिवे ओळीने बसले होते. मी पहिल्या रांगेत होते, पर्समध्ये भाषणाचा कागद. त्यात लाम्ब्रोसला एकदाही चोर म्हटलं नव्हतं. फक्त इतकं की विद्वान माणसाच्या कानावर शब्द कुठून पडतात हे त्यालाच ठाऊक. टोमणा त्याला कळला असता, गावाला नाही, आणि मी नामानिराळी राहिले असते. असा बेत होता.

लाम्ब्रोसने रुमाल सारखा केला आणि कुत्र्याचं पान उघडलं. डोळे मिटून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अंगात त्राण नाही..." आणि थांबला. नाटकी लोकांना थांबायची फार हौस असते.

मागून पन्नास घशांनी वाक्य पुरं केलं. "शेपटीला मात्र अजून आठवण आहे!"

हशाचा असा लोट आला की खिडक्या हलल्या. "अरे, हे तर पिवळं गाइड!" औषधवाला ओरडला. "पान सत्तेचाळीस!" कोणीतरी पुढची ओळ म्हटली, दुसऱ्याने त्याच्या पुढची. ज्यांना स्वतःच्या बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही, ते कुत्रा मरेपर्यंत घडाघडा म्हणत गेले.

लाम्ब्रोस पांढरा पडला, पण गडी निर्लज्ज. "मी लोकांच्या ओठांवरची भाषा घेतली," तो म्हणाला. "हा सामूहिक स्मृतीशी संवाद आहे."

"पण राजाचे डोळे?" नगराध्यक्षांनी भाबडेपणाने विचारलं. त्या बाहेरगावच्या, त्यांनी गाइड घोकलं नव्हतं. "आम्हाला शाळेत होतं, तो डोळे पुसतो म्हणून."

"ते पाणी ठेवायचं की नाही, यासाठी मी सात महिने स्वतःशी झगडलो."

"सात महिने?" सारांदोस मागे उभा राहिला. "मला त्या पाण्यापायी शाळा सोडावी लागली! कोणी लिहिलं ते गाइड, एकदा कळू दे. त्याला दोन किलो मासळी फुकट देईन, नाहीतर एक ठेवून देईन. अजून ठरवलेलं नाही."

पुन्हा हशा. नगराध्यक्षांनी घाईघाईने माझं नाव पुकारलं. मी व्यासपीठावर गेले, कागद काढला. लाम्ब्रोस माझ्याकडे आशेने बघत होता, जणू मी त्याला वाचवायला आले होते. त्याचा तो चेहरा बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणून बोलले. सारांदोससाठी बोलले असं सांगायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं.

"ते गाइड मी लिहिलं," मी म्हटलं. "शेपटीचं वाक्य माझं. या माणसाने सात वर्षं दगडी घरात बसून माझं गाइड उतरवून काढलं."

मला वाटलं होतं टाळ्या पडतील. सगळे मागे वळून सारांदोसकडे बघत होते.

तो अजून उभाच होता. "म्हणजे बाई, ते पाणी तुमच्याच हातून सुटलं?"

"हो. पान उलटताना."

"होतं असं. पण खारिलाओस दर वर्षी नवं छापायचा. तुम्हाला चूक कळल्यावर पुढच्या वर्षी का नाही घातलंत? आमची परीक्षा त्यानंतरची."

पस्तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारले. इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"घातलं असतं," मी म्हटलं, "तर तुम्ही सापडला नसता."

कोणी हसलं नाही. सारांदोसने टोपी घातली, रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत दारापर्यंत गेला आणि बाहेर पडला. लाम्ब्रोसने सुस्कारा सोडला. त्या मूर्खाला वाटलं, त्याचं प्रकरण मिटलं. मिटलंही. त्याच्याकडे आता कोणी बघत नव्हतं. त्या सभागृहात लबाड आम्ही दोघे होतो, आणि लाम्ब्रोसने निदान कोणाला नापास केलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी भोंगा गल्लीच्या तोंडाशी वाजला, शेजारच्या दारात थांबला आणि माझ्या दारावरून न थांबता पुढे गेला. मी पातेलं हातात घेऊन उंबऱ्यात उभी होते. आत येऊन ते स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं, कपाटातल्या चादरींखालून गाइडाची माझी प्रत काढली आणि पान सत्तेचाळीसच्या समासात राहिलेल्या दोन ओळींचा अर्थ लिहिला. घड्याळ समोरच होतं. दीड मिनिट लागलं.