हिरव्या वायरीचं खोटं

मी एक जुनी वेल्डिंग मशीन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी रागावलेली आहे. म्हातारी माणसं कशी हळुवारपणे आपली कहाणी सांगतात, तसं मला जमणार नाही. माझ्यावर एक आळ आला होता. तो खोटा ठरला, पण तो घेताना जेवढी माणसं जमली होती, त्यातली निम्मीही तो मागे घ्यायला आली नाहीत.

माझा जन्म भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये झाला. बायकाच तिथं माझ्या जातीच्या मशीनी जुळवायच्या. माझ्या पोटात तांब्याच्या तारा आहेत, एक पंखा आहे, आणि पाठीवर एक पट्टी आहे. त्या पट्टीवर लिहिलंय, दोनशे अँपिअर. ते खरं आहे. आमच्या मालकिणीचा एक नियम होता, जेवढं देता येतं तेवढंच पट्टीवर लिहायचं.

या खरेपणाची मला काय किंमत मिळाली? पिंपरीतल्या एका दुकानात मी सात महिने धूळ खात पडले. माझ्या शेजारी लाल रंगाची एक मशीन होती, माझ्याहून हलकी. तिच्यावर मोठ्या आकड्यात 'चारशे' छापलं होतं. चारशे! घरातल्या साध्या विजेवर तेवढं निघूच शकत नाही. तिच्यातून माझ्याइतकंही निघत नव्हतं. पण गिऱ्हाईक यायचं, आकडा वाचायचं आणि तिच्या बहिणी एकेक करून घेऊन जायचं.

मग एका शनिवारी सायली आली. मोशी गावठाणातल्या जुन्या शेतकरी घरातली ही सून. चाकणच्या एका कंपनीत ती वेल्डिंग तपासायची. गाड्यांच्या सांगाड्यांचे जोड हातात घेऊन कुठे भोक राहिलंय, कुठे भेग आहे, हे ती अकरा वर्षं सांगत होती. आणि अकरा वर्षं लाईनवरचे पुरुष तिला एकच ऐकवत होते, "मॅडम, नावं ठेवणं सोपं असतं. एक जोड मारून दाखवा की!"

त्या वर्षी कंपनीने जाहीर केलं, वेल्डरची परीक्षा कुणालाही देता येईल. सायलीने नाव दिलं. सरावासाठी घरच्या गॅरेजमध्ये ठेवता येईल अशी तिची पहिली मशीन ती शोधत होती.

दुकानदार माझ्याकडे बघेचना. तो तिच्या नवऱ्याशी, पिंटूशीच बोलत होता. "भाऊ, चारशेची घ्या. ताईंना जमलं नाही तर पुढं तुमच्या कामाला येईल."

"वापरणार मी आहे," सायली म्हणाली. "आणि आमच्या घरी सिंगल फेज आहे. चारशे अँपिअरला ही मशीन मीटरमधून किती ओढेल, ते सांगा."

दुकानदाराने पिंटूकडे बघितलं. पिंटूने माझ्याकडे बघितलं. सायलीने माझी पट्टी वाचली, मला उचलून वजन बघितलं आणि म्हणाली, "ही द्या." सात महिन्यांत मला कुणी पहिल्यांदाच उचललं होतं.

मोशीच्या घराला लागून पत्र्याचं गॅरेज होतं. पूर्वी तिथे म्हशी असायच्या, आता स्कूटर आणि पाण्याच्या टाक्या. वीज म्हणून भिंतीत मोबाइल चार्ज करायचं एक छोटं सॉकेट. पिंटूने गणपतीच्या माळांची लांबलचक एक्स्टेन्शन वायर आणली आणि मला तिला जोडलं. दोऱ्यासारखी बारीक वायर! मी जीव तोडून प्रयत्न केला, पण विजेचा दाब माझ्यापर्यंत येईपर्यंत अर्धा मरत होता. सायलीने रॉड टेकवला की तो लोखंडाला चिकटून बसायचा. वायर तर इतकी तापली की तिचं वेटोळं मऊ पडलं.

"मशीनच मरतुकडी हाय," सायलीचे सासरे सोपानराव दारातून म्हणाले. "तरी म्हणत हुतो, मोठी घ्या."

हा माझा पहिला अपमान. पण तेव्हा सायली माझ्या बाजूने उभी राहिली. "आबा, मशीनला खायलाच मिळत नाहीये. जाड वायर लागेल, मोठं सॉकेट लागेल."

म्हणून रंगराव आला. बारा वर्षांपूर्वी या घराचं सगळं वायरिंग त्यानेच केलं होतं. न्हाणीघरातल्या गीझरच्या पॉइंटवरून त्याने जाड वायर काढली, गॅरेजमध्ये मोठं तीन पिनांचं सॉकेट बसवलं आणि हात झटकले. तिसऱ्या पिनेला एक हिरवी वायर जोडली. मित्रांनो, ही हिरवी वायर नीट लक्षात घ्या. यंत्रात कुठे वीज गळली, तर ती माणसाच्या अंगात न शिरता थेट जमिनीत जावी, म्हणून ही वायर असते. तिला अर्थिंग म्हणतात. तिचं दुसरं टोक जमिनीत खोल पुरलेलं असावं लागतं.

"अर्थिंग नीट आहे ना, रंगरावभाऊ?" सायलीने विचारलं.

"ताई, हिरवी वायर दिसती ना? मग!"

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस. पहिली शिफ्ट संपवून सायली चार वाजता यायची, जाड सुती सदरा, चामडी मोजे आणि काचेचा मुखवटा चढवायची, दार सताड उघडायची आणि आम्ही कामाला लागायचो. सुरुवातीचे जोड वेडेवाकडे आले. स्वतःचे जोड ती स्वतःच तपासायची आणि नापास करायची. दहाव्या दिवशी एक आडवा जोड इतका सरळ आला की तिने तो घरात नेऊन सासूला, अंबुबाईंना दाखवला. अंबुबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "गोधडीच्या टाक्यावानी आलाय की गं."

मग तो रविवार उजाडला. सायली ओव्हरटाइमला गेली होती. सकाळी सोपानरावांनी गॅरेजमध्ये स्कूटर धुतली. अनवाणी पाय, ओली फरशी. स्कूटर मागे घेताना आधारासाठी त्यांनी माझ्या पत्र्यावर हात टेकवला, आणि विजेने त्यांना फेकून दिलं. ते उंबऱ्यावर पडले. उजवं मनगट मोडलं.

गल्लीतली वीसेक माणसं जमली. आणि निकाल? तो एका मिनिटात लागला. "मशीन खराब हाय." "ह्या चायनाच्या असतात." मी भोसरीची! कुणीतरी तर म्हणालं, "बाईमाणसानं असल्या भानगडीत पडूच नये." रंगरावही आला होता. माझी पिन उपटून तो म्हणाला, "हिच्यात शॉर्ट हाय. भंगारात घाला."

मित्रांनो, माझं बटण बंद होतं. भिंतीवरचं सॉकेटसुद्धा बंद होतं. मी झोपलेली होते. बंद मशीन माणसाला धक्का कशी देईल, हा प्रश्न त्या वीस माणसांतल्या एकालाही पडू नये? मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण मला फक्त पंखा आहे, आणि तोही बंद होता.

सायली संध्याकाळी आली. आबांच्या हाताचं प्लास्टर बघून तिचा चेहरा पडला. सोपानराव म्हणाले, "पोरी, तुझ्या हौसेपायी माझा जीव गेला असता." तिने मला कोपऱ्यात सरकवलं आणि माझ्यावर गोणपाट टाकलं. तिलाही माझा संशय आला होता. वीस माणसांच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

अठरा दिवस मी गोणपाटाखाली होते. परीक्षा जवळ येत होती आणि तिचा हात रिकामा होता.

एकोणिसाव्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी ओसरीवर सगळे चहा घेत होते. अंबुबाई ओल्या हातांनी न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज बी नळ चावला बघा."

"तुझं वाताचं हाय ते," सोपानराव बशीतून नजर न काढता म्हणाले. "डागदरानं मालिश सांगितलंय न्हवं?"

"वात फकस्त नळालाच कसा येतो?" अंबुबाई म्हणाल्या. "अन् कधी कधी फ्रिजच्या दांड्याला?"

सायलीने कप खाली ठेवला. "आई, कधीपासून होतंय हे?"

"चार वरसं झाली आसतील. मी सांगत हुते की."

सांगत होत्या! चार वर्षं त्या सांगत होत्या आणि चार वर्षं त्यांच्या गुडघ्यांना तेल लावलं जात होतं. दुसऱ्या कुणाला का झटका बसला नाही, ठाऊक आहे? घरातल्या प्रत्येकाच्या आंघोळीची बादली त्याच भरत होत्या. पहाटे उठून, ओल्या फरशीवर, अनवाणी. बाकी कुणाचा हात त्या नळाला लागतच नव्हता. सायलीचाही नाही. तिची बादली साडेपाचला भरून ठेवलेली असायची.

सायली उठली. गोणपाट ओढून काढलं, माझी पिन सॉकेटमध्ये घातली, पण बटण लावलं नाही. पायात रबरी बूट घालून तिने माझ्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

"आई, गीझर बंद करा!" तिने हाक दिली.

दिवा विझला.

"आता लावा!"

दिवा लागला. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "म्हणजे तू नाहीस," ती हळूच म्हणाली. बस, एवढंच. पण अठरा दिवसांत माझ्याशी कुणी बोललं, ते हेच.

तिने गीझर बंद करून त्याचं मुख्य बटणही पाडलं आणि कंपनीतल्या ज्योतीरामकाकांना फोन लावला. तीस वर्षं ते तिथल्या विजेच्या दुरुस्तीवर होते. ते दुपारी वीज तपासायचं हातातलं मीटर घेऊन आले. त्यांनी हिरव्या वायरीचा माग काढला. न्हाणीघरातून स्वयंपाकघरात, तिथून ओसरीच्या भिंतीतून पुढे. मीटरच्या फळीमागे ती वायर संपली होती. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली. जमिनीत काही गेलंच नव्हतं.

"गीझरच्या आतून वीज गळतेय," काका म्हणाले. "तिला जमिनीत जायला वाट नाही. मग ती या हिरव्या वायरीतून घरभर फिरते. नळात, फ्रिजमध्ये, तुमच्या मशीनवर. सॉकेट बंद केलं तरी ही वायर तुटत नाही. सायली चार वाजता काम करायची तेव्हा गीझर बंद असायचा, म्हणून तिला कळलं नाही. वहिनी, रोज ओल्या हाताने नळ धरून तुम्ही वाचलात हेच नवल."

रंगरावला बोलावलं. फळीमागचं टोक बघून तो तावातावाने म्हणाला, "बारा वरसं काय झालं का?"

"झालंय," सायली म्हणाली. "चार वर्षं, रोज सकाळी. विचारा आईंना."

"मग मलाच का धरता? मी खड्डा खणणार हुतो. मालकच म्हणले, नवी फरशी फोडायची न्हाई."

सगळ्यांनी सोपानरावांकडे पाहिलं. अंगणातली ती चकचकीत फरशी त्यांनी स्वतः निवडून आणली होती.

"व्हय," सोपानराव म्हणाले. "म्हणलो हुतो."

"म्हणला असाल, आबा," सायली रंगरावकडे बोट करून म्हणाली. "पण यांनी तसं सांगायचं होतं. अर्थिंग नाही म्हणून. मी विचारलं तेव्हा यांनी मला हिरवी वायर दाखवली!"

रंगराव पुन्हा त्या घरात आला नाही. त्याने माझी माफीही मागितली नाही. पण मशीनची माफी कोण मागतं? मला जास्त राग याचा आहे की त्याने अंबुबाईंचीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणातली फरशी फुटली. पहिला घाव सोपानरावांनीच डाव्या हाताने घातला. खोल खड्डा झाला, त्यात अर्थिंगचा पाइप उभा राहिला आणि हिरवी वायर पहिल्यांदाच मातीत पोचली. काकांनी मीटरजवळ एक छोटी पेटी बसवली. कुठे वीज गळली की क्षणात घराचा पुरवठा तोडणारी. गीझर लावून बघितला आणि त्या पेटीने ताबडतोब खटका पाडला. तो गीझर भंगारात गेला. माझ्यासाठी थेट मीटरपासून वेगळी जाड वायर आली. वेगळा खटका आला. तपासणीत माझ्यात काही दोष निघाला नाही. गल्लीत मात्र अजून सांगतात की सोपानरावांचा हात वेल्डिंगच्या मशीनने मोडला.

परीक्षेत सायलीचा आडवा जोड पास झाला, उभा नापास झाला. उभ्या जोडाचा सराव त्या अठरा दिवसांत व्हायचा होता. दोन महिन्यांनी ती पुन्हा बसली आणि पास झाली. आता ती चाकणला नव्या मुलामुलींना जोड मारायला शिकवते. माझा रंग उडालाय, पंखा कुरकुरतो, पण ती मला आठवड्यातून एकदा फुंकून साफ करते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, हे सांगायला मी बसलेली नाही. ते तुम्ही ऐकता आणि विसरता. मला एवढंच मागायचं आहे. घरात मशीन आणण्याआधी ती वीज कुठून घेणार आणि गळलेली वीज कुठे जाणार, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आणि घरातलं कुणी म्हणालं की नळ चावतो, तर त्या माणसाचं वय विचारू नका. उठा आणि मेन स्विच बंद करा.

नवा गीझर बसला त्या पहाटेची गोष्ट सांगते आणि थांबते. अंबुबाई उठल्या तर न्हाणीघरात दिवा लागलेला. सोपानराव ओल्या फरशीवर अनवाणी उभे होते आणि त्यांचा डावा, धड हात नळावर होता. काकांनी सगळं तपासून दिलं होतं, तरीही.

"तुमी हितं काय करताय?" अंबुबाईंनी विचारलं.

"न्हाई चावत," ते म्हणाले. मग खाली बघून त्यांनी आपली बादली नळाखाली सरकवली. "ऱ्हाऊ दे. माझी मी भरतो."