किडी पाळणारा पिंजरा

मित्रांनो, पिंजरा म्हटलं की तुम्हाला पोपट आठवेल, नाहीतर उंदीर. मी त्यातला नाही. मी एक जुना लाकडी पिंजरा आहे आणि माझ्यात आयुष्यभर बटाटे राहिले. तेही कोंब फुटलेले, तुमची आई बघताच फेकून देईल असे.

माझा जन्म परभणीतला. सिताराम सुतारांनी सागवानी पट्ट्यांची चौकट ठोकली, तीन बाजूंना पांढरी मलमल ताणली आणि पुढे कापडाची एक बाही शिवून घेतली. त्या बाहीतून हात घातला की आतलं काही बाहेर पडत नाही. यात ठेवणार काय, असं त्यांनी विचारलं आणि 'किडे' हे उत्तर ऐकून ते माझ्याकडे जरा दयेनेच बघू लागले. मलाही तेव्हा लाज वाटली होती.

मला एका लहानशा प्रयोगशाळेत नेलं. तिथे संघप्रियाताई परमुलखातून आलेल्या किडींचा अभ्यास करायच्या. पपईवर पांढरं पीठ सांडल्यासारखी एक कीड दिसते, तिला पिठ्या ढेकूण म्हणतात. हा पिठ्या आपल्याकडचा नव्हे. तो कसा कुणास ठाऊक इकडे आला, पण त्याचे वैरी तिकडेच राहिले, म्हणून इथे त्याला रान मोकळं मिळालं. मग शास्त्रज्ञांनी त्याचा एक वैरीही मागवून घेतला. ती एक केशरी माशी, मोहरीच्या दाण्याहून बारीक. ती माणसाला चावत नाही, पिकाला शिवत नाही. पिठ्याच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू पिठ्याला आतून खातं, पिठ्या फुगून तपकिरी, कडक दाण्यासारखा होतो आणि एक दिवस त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर येते.

माझ्यातल्या बटाट्यांवर ताई पिठ्या वाढवायच्या आणि पिठ्यावर माश्या. वर्षानुवर्षं हे बिऱ्हाड मी सांभाळलं. पाहुणे आले की ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, हा आमचा सगळ्यात भरवशाचा. तेव्हा माझी चौकट फुगायची, आणि त्याला दमट हवा कारण नसायची.

यंदाच्या उन्हाळ्यात विजेने घात केला, ती दिवसचे दिवस आलीच नाही. खोली भट्टीसारखी तापली, शेजारच्या पिंजऱ्यांतले बटाटे नासले, माश्या मेल्या. मी आतल्या गार कोपऱ्यात होतो म्हणून वाचलो. त्याच सुमारास पिंगळीच्या बायनाबाई पिठ्याने माखलेलं पपईचं पान घेऊन आल्या. पपईची बाग त्या एकट्याच बघायच्या. ताईंनी ठरवलं, माझ्यातल्या साऱ्या माश्या त्या बागेत सोडायच्या. तिथे त्या वाढल्या की फुगलेल्या पिठ्यांची पानं आणून मला पुन्हा भरायचं. म्हणजे बाग वाचली तर माश्यांचं बियाणंही वाचणार होतं. आमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

मला टमटममधून बागेत नेलं. उन्हं कलल्यावर ताईंनी बाही सोडली आणि माझं सगळं बिऱ्हाड उडून गेलं. बायनाबाईंना एकही माशी दिसली नाही, पण आता औषध मारायचं नाही हे त्यांनी कबूल केलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. बागेत मुद्दाम किडे सोडलेत म्हटलं तर बायका हसतील, असं त्या म्हणाल्या. त्यावर ताईही हसल्या आणि विषय तिथेच राहिला. ते हसू मला अजून सलतं.

पंधरवड्याने ताई बाग बघून आल्या. पानापानावर तपकिरी दाणे दिसत होते. त्या दिवशी त्यांनी माझी मलमल आनंदाने धुऊन वाळत घातली. आणखी आठवडाभर थांबून पानं आणायचं ठरलं. मधल्या दिवसांत बायनाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मानवतला गेल्या.

ठरल्या दिवशी मला घेऊन ताई बागेत शिरल्या आणि औषधाचा उग्र वास आला. बायनाबाईंचे चुलत दीर भागवतराव बांधावर मोठ्या खुशीत उभे होते.

"वैनी लेकीकडं अडकल्या होत्या, ताई. बाग सगळी पिठाळली होती, त्यात ते तपकिरी दाणे बी धरायलते. म्हणलं कीड पिकायली आता. मग आमी चौघांनी सावड केली, आपापले पंप आणले अन् समदी बाग मारून घेतली."

एकमेकांच्या रानात मोबदला न घेता राबायचं, याला आमच्याकडे सावड म्हणतात. गावाची ही रीत चांगली आहे, हे मीही मानतो. म्हणूनच राग कुणावर धरावा हे कळेना. बायनाबाई त्याच दिवशी परतल्या होत्या. भागवतराव पाणी आणायला गेले तेव्हा त्या खाली बसल्या.

"त्यांनी माझ्यासाठीच केलं वं ताई," त्या म्हणाल्या. "मी कुणाला काय बोलू?"

ताईंनी तरीही पानं तोडून माझ्यात भरली. आम्ही वाट पाहिली. एकही माशी निघाली नाही, औषधाने त्या दाण्यांतच मेल्या होत्या. पिठ्याच्या अंगावर मात्र मेणाचं पांघरूण असतं. बरंचसं औषध त्यावरून ओघळून गेलं. तो महिन्याभरात पुन्हा फोफावला आणि पपया काळ्या पडून गळाल्या.

शेवटी बायनाबाईंनी दिराला सगळं सांगितलं. एक दिवस भागवतराव प्रयोगशाळेत आले आणि माझ्या मलमलीला नाक लावून कितीतरी वेळ आत बघत राहिले. आत वाळकी पानं होती.

"आधी दाखवलं असतं तर आमी रातंदिस राखण केली असती की," ते हळूच म्हणाले.

नव्या माश्या दुसरीकडून मागवल्यात, त्या अजून आलेल्या नाहीत. सध्या कुणीतरी माझ्यात रिकाम्या गोण्या कोंबल्या आहेत. मित्रांनो, तुमच्या रानात असे बारीक जीव पिकासाठी राबत असतील तर त्यांना जपा. आपण औषध मारलं नाही, एवढ्याने ते वाचत नाहीत. शेजारच्या बांधावर जाऊन सांगा, पान उलटून दाखवा. लोक हसले तर हसू द्या. बायनाबाईंच्या बागेला चार राखणदार मिळाले असते, ते कुणी मागितलेच नाहीत.